जर्नेल सिंगचा फोटो आणि वजिराबादचे फ्रेमवाले चाचा

जुन्या पेपरातला फोटो मोठा करून घ्यायचाय आणि त्यातल्या माणसाचा चेहरा हाय तसाच राहिला पाहिजे, असं असंल तर नांदेडला वजिराबादमधल्या फ्रेमवाल्या चाचांकडं जा, दुसरीकडं हिंडत बसू नका. दुकान छोटंय, पाटीवरची अक्षरं उन्हानं पार उडालीत, पण महावीर चौकाच्या बाजूनं आत शिरून कुणालाही "फ्रेमवाले चाचा" म्हणून विचारलं की माणूस हात करून दाखवतो. आम्ही तिथून फुटबॉलवाल्या जर्नेल सिंगचा फोटो करून घेतला आणि काम असं झालंय की आमच्या फुटबॉलच्या ग्राउंडवर येणारा प्रत्येक जण विचारायलाय, कुठून केलं, म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

आधी जर्नेल सिंग कोण ते सांगतो, कारण आजकालच्या पोरांना रोनाल्डोच्या बुटाचा नंबर म्हाईत असतो पण हे नाव ऐकलेलं नसतं, आणि त्यात पोरांची चूक नाही, सांगितलंच नाही कुणी. जर्नेल म्हणजे आपल्या देशाचा आजवरचा सगळ्यात कडक स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहून बचाव करणारा. जन्म १९३६ चा, तिकडं लायलपूरकडचा, म्हणजे आता पाकिस्तानात गेलेला भाग. फाळणी झाली तेव्हा अकरा वर्षांचं पोर, घरदार सोडून इकडं आलेलं कुटुंब, मग होशियारपूर जिल्ह्यातल्या माहिलपूरच्या खालसा कॉलेजात फुटबॉल, तिथून कलकत्ता, आणि १९५९ पासून दहा वर्षं तिथला मोहन बागान क्लब. १९६० च्या रोम ऑलिंपिकला खेळला, १९६४ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, पुढं देशाचा कॅप्टन झाला, एशियन ऑल स्टार टीमचाही कॅप्टन झाला. २००० च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडात व्हँकुव्हरला गेला. जन्म एकीकडं, नाव कमावलं दुसरीकडं आणि शेवट सातासमुद्रापार.

आता नांदेडचा आणि त्याचा काय संबंध असं कुणी विचारंल. त्याचं उत्तर असंय की ह्या गावात हजूर साहिब गुरुद्वारा आहे, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेली शीख घरं आहेत, खालसा हायस्कूलच्या ग्राउंडवर गुरु गोबिंदसिंगजींच्या नावानं हॉकीची मोठी टुर्नामेंट भरते, त्यामुळं पंजाबच्या खेळाडूचं नाव इथं परकं वाटत नाही. आणि दुसरी गोष्ट, जी लोक विसरतात, आपण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतो आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतो, आणि त्या काळात देशात फुटबॉल कुठं होता तर कलकत्त्याला आणि हैदराबादला. हैदराबाद सिटी पोलिसांची टीम १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकलेली आहे. त्या टीमचे कोच सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक, तेच भारताचेही कोच होते आणि त्यांनीच जर्नेलला घडवलं म्हणा किंवा ओळखलं म्हणा. थंगराज, बलराम, युसूफ खान ही सगळी हैदराबाद-सिकंदराबादची माणसं. म्हणजे ज्या टीमनं १९६२ ला जकार्त्यात एशियन गेम्सचं सोनं आणलं तिच्यातली ही माणसं आपल्याच जुन्या राजधानीची होती, मग आम्ही आठवण नाही काढायची तर कुणी काढायची.

आमच्या ग्राउंडवर एक सिंग काका येतात, वय ऐंशीच्या आसपास, रोज सकाळी पांढरे बूट घालून. खेळत नाहीत आता, पण साइडलाइनवर उभं राहून स्टॉपरला शिव्या घालायचं काम अजून सोडलेलं नाही. त्यांनी जर्नेलला खेळताना प्रत्यक्ष पाहिलंय. साठच्या दशकात तरुणपणी मुंबईला गेले होते रोव्हर्स कप बघायला, कुपरेजवर. तेव्हा नांदेडला मीटरगेज, रात्रभर त्या छोट्या गाडीत बसून मनमाडला उतरायचं आणि तिथं मुंबईची मोठी गाडी पकडायची. काका सांगतात, पैसे जायचे-यायचेच होते, खायला घरून भाकरी आणि ठेचा बांधून नेलेला. आणि सांगतात की जर्नेल टॅकलला गेला की बुटाचा आणि बॉलचा आवाज स्टँडात ऐकू यायचा, पुढचा फॉरवर्ड पडायचा, उठायचा, आणि पुढच्या टायमाला बॉल दुसऱ्याला देऊन मोकळा व्हायचा. "मारका नव्हता तो," काका हे दर वेळेला सांगणारच, "लोक म्हणतात रफ होता. रफ आन् टफ ह्यात फरक हाय बेटा. तो बॉलला जायचा. मधी कोण आला तर तो त्याचा नशीब."

तो गेल्याची बातमी इथं कळली तीसुद्धा पेपरातल्या चार ओळींतून. २००० साली कुठं आलंय मोबाइल आणि नेट. काकांनी ते वाचलं, सकाळी ग्राउंडवर आले, खेळ थांबवला, सगळ्यांना गोल उभं केलं आणि दोन मिनिटं शांत उभं राहायला लावलं. मी तेव्हा शाळेत होतो, पण मोठी माणसं अजून सांगतात की अर्ध्या जणांना कोण गेलंय हेच माहीत नव्हतं, दोन मिनिटं झाल्यावर काका तिथंच बसले आणि जकार्त्याची सगळी कहाणी सांगितली आणि त्या दिवशी मॅच झालीच नाही. तेव्हापासून दर ऑक्टोबरमध्ये एका रविवारी आम्ही जर्नेलच्या नावानं मॅच खेळतो. कप नाही, बक्षीस नाही, चहा आणि शिरा, आणि मॅचआधी ती कहाणी. कहाणी दर वर्षी तीच असते आणि दर वर्षी पोरं तितक्याच कान देऊन ऐकतात.

फोटो मात्र नव्हता. नुसतं नाव घेऊन चालायचं सगळं. मग २०२० आलं, मार्चमध्ये जर्नेलच्याच टीममधले पी. के. बॅनर्जी गेले आणि एप्रिलच्या शेवटाला चुनी गोस्वामी, दीड महिन्याच्या आत दोघंही, आणि लॉकडाउनमुळं ग्राउंडला कुलूप, जमता पण आलं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत तुलसीदास बलराम गेले. पी. के., चुनी, बलराम हे तिघंही गेल्यावर काका एके दिवशी घरून एक जुनी फाइल घेऊन आले, त्यात बटर पेपरमध्ये ठेवलेलं पेपराचं कात्रण, उर्दू पेपरचं. त्यांच्या वडिलांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं, त्यांनी कापून ठेवलेलं. जर्नेल एकटाच, कमरेपर्यंत, अंगात जर्सी, जुड्यावर रुमाल बांधलेला. काका म्हणले, "ह्याचा मोठा फोटो करा. मी हाय तंवर करा."

आता कामाचं सांगतो. पहिल्यांदा आम्ही हे चाचांकडं नेलंच नव्हतं. एकाच्या ओळखीनं दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओत दिलं, नाव घेत नाही. त्यांनी मोबाइलवरच फोटो मागवला, पैसे आधी घेतले आणि दुसऱ्या दिवशी पाठवून दिला. बघून सगळे गप्प झाले. गाल गुळगुळीत, रंग गोरा, दाढी काळीभोर रंगवल्यासारखी, ओठ गुलाबी, डोळ्यात चमक घातलेली. लग्नाच्या अल्बममधला नवरदेव दिसायला. कपाळावर डाव्या बाजूला एक काळा डाग होता कात्रणात, तो पुसून टाकलेला. काकांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि परत दिला. "हा कोन हाय?" एवढंच म्हणले. मला अजून आठवतं ते, लै वाईट वाटलं. ज्या माणसानं डोक्याला टाके असताना फायनल खेळली त्याच्या तोंडावरून जखमा पुसून काय मिळवायचं असतं लोकांना?

ती टाक्यांची गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, कारण फोटोचं सगळं त्याच्यावरच येतं. १९६२ ची एशियन गेम्स, जकार्ता. पहिली मॅच साउथ कोरियाकडून आपण ०-२ हरलो. दुसरी थायलंडबरोबर, ४-१ जिंकली पण त्यात जर्नेलचं डोकं फुटलं. त्या काळात बदली खेळाडू नसायचा, गेला माणूस बाहेर की उरलेल्या दहांनी खेळायचं. टाके पडले, जपानच्या मॅचला तो बाहेर बसला. सेमीफायनलला व्हिएतनाम, म्हणजे तेव्हाचं साउथ व्हिएतनाम. आता स्टॉपर म्हणजे आयुष्यभर हेड मारायचं काम, समोरून येणारा प्रत्येक उंच बॉल डोक्यानं काढायचा, टाके असलेलं डोकं घेऊन ते करणार कसं. रहीम साहेबांनी त्याला मागून काढून पुढं सेंटर फॉरवर्डला खेळवलं. बचावातला माणूस, देशाचा नंबर एक स्टॉपर, एकदम पुढं. आणि त्यानं गोल मारला. मॅच ३-२ जिंकलो. मग ४ सप्टेंबरला फायनल, परत तेच साउथ कोरिया, लाखभर माणूस स्टेडियममध्ये आणि सगळं आपल्या विरोधात ओरडणारं, कारण तैवान आणि इस्रायलला बाहेर ठेवलं म्हणून ऑलिंपिक कमिटीतल्या आपल्या सोंधींनी गेम्सच्या नावावरच आक्षेप घेतला होता आणि जकार्त्यात भारतीयांवर लोक चिडले होते. बसमध्ये जर्नेलला सीटवर न बसता खाली बसायला लावायचे, बाहेरच्यांना सरदार दिसला की दगड येईल म्हणून, असं त्या टीमवाल्यांनीच पुढं सांगितलंय. हे पण सांगतात की स्टेडियममध्ये आपल्यासाठी टाळ्या वाजवणारे कोण होते तर पाकिस्तानची हॉकी टीम. सतराव्या मिनिटाला पी. के. नं गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलनं. शेवटी शेवटी कोरियानं एक फेडला, २-१. सोनं. त्याच्यानंतर आजपर्यंत एशियन गेम्समध्ये फुटबॉलचं सोनं आलेलं नाही. रहीम साहेबांना तोपर्यंत कॅन्सर झालेला होता, पुढच्या जूनमध्ये ते गेले.

काका हे सांगतात तेव्हा "लाखभर माणूस" म्हणताना हात असा गोल फिरवतात आणि पोरं मान वळवून चारी बाजूला बघतात, खरंच.

तर चाचा. आमच्या गोलकीपरचं घर इतवाऱ्यात आहे, त्याच्या वडिलांनी सांगितलं की वजिराबादला जा, त्या माणसाला कागद कळतो. गेलो. दुकानात पुढं देवाच्या, गुरूंच्या, मक्का-मदिनेच्या, बाबासाहेबांच्या, शिवाजी महाराजांच्या तसबिरी एका ओळीत टांगलेल्या, मागं पट्ट्या कापायचं मशिन, आणि एका कोपऱ्यात भाचा कॉम्प्युटर घेऊन बसलेला. चाचा सत्तरीचे असतील. कात्रण हातात घ्यायच्या आधी त्यांनी फडक्यानं हात पुसले. काकांनी ते बघितलं आणि मला कोपर मारलं. मग चाचांनी खालची उर्दू ओळ मोठ्यानं वाचली, जर्नेलचं नाव आलं, आणि मान वर करून म्हणले, "अरे, ये तो रहीम साहब का जर्नेल." त्यांच्या वडिलांच्या रेडिओवर ऐकलेलं नाव. तिथंच काम पक्कं झालं म्हणा, रेट विचारायचा बाकी होता.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी कुठल्याच दुकानात बघितलेलं नाही. ड्रॉवरमधून जाड काचेचं भिंग काढलं, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं, आणि कपाळावरचा तो काळा डाग बघायला लागले. भाच्याला बोलावलं, मला पण बघू दिलं. पेपरातला फोटो म्हणजे बारीक बारीक ठिपके असतात, जिथं गडद तिथं ठिपका मोठा, जिथं फिकट तिथं छोटा. चाचांनी समजावलं की डाग नंतर पडलेला असता, म्हणजे चहा सांडला, शाई लागली, बुरशी आली, तर तो ठिपक्यांच्या वरून पसरला असता, मधली पांढरी जागा पण भरली असती. इथं तसं नव्हतं. ठिपके तसेच ओळीत होते, फक्त त्या जागेवर मोठे होते आणि मधली जागा कोरी होती. म्हणजे तो डाग कागदावरचा नाही, फोटोतलाच आहे, त्या दिवशी त्याच्या कपाळावर जे काही होतं ते. जखम होती, माती होती का घाम चिकटलेला, ते कात्रण सांगत नाही, तारीख पण कापली गेलीय. पण होतं. चाचा भाच्याला म्हणले, "इसको हात नक्को लगाना. और मुँह को भी नक्को लगाना." काका काही बोलले नाहीत, त्यांनी चहा सांगितला सगळ्यांना.

ह्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायलोय. रिपेरिंगवाल्याला काय पुसायचं हे सगळ्यांनाच येतं आता, बटण दाबलं की पुसतं. काय ठेवायचं हे कळणारा माणूस लागतो.

भाच्याचं काम पण मानलं पाहिजे, पोरगं शांत आहे आणि हात चांगलाय. कात्रण मशिनवर सपाट ठेवून मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन केलं, मोबाइलवर फोटो काढला नाही. साधं स्कॅन करून मोठं केलं की ठिपक्यांची जाळी उठते, पडद्यावर लाटा लाटा दिसतात, तर ती त्यानं थोडी मऊ केली, पण पूर्ण घालवली नाही, कारण पूर्ण घालवली की चेहरा मेणाचा होतो. घडीची एक रेघ गळ्यावरून गेली होती ती भरली. कडेचा पिवळेपणा काढला. जर्सीच्या बाहीवर खरोखरचा चहाचा डाग होता तो काढला, तो आधी भिंगाखाली तपासून मगच. गालाचं वर आलेलं हाड, आवळलेल्या भुवया, दाढीतला विस्कटलेपणा, सगळं जागेवर. रंग भरू का असं त्यानं एकदा विचारलं, काका नाही म्हणले, त्यानं परत विचारलं नाही. प्रिंट करायच्या आधी हाताएवढं छोटं प्रूफ काढून दिलं आणि म्हणला घरी न्या, उजेडात बघा, उद्या सांगा. किती दुकानदार असं म्हणतात?

प्रिंट मॅट पेपरवर, १८ बाय २४ इंच. एवढ्याशा कात्रणातून एवढं मोठं करताना जवळून बघितलं तर ठिपके दिसणारच, चाचांनी हे आधीच सांगितलं होतं, लपवलं नाही. पण चार पावलं मागं गेलं की चेहरा असा जमून येतो की बस. पट्टी त्यांनी आधी सोनेरी नक्षीची दाखवली, तसबिरीला लावतात ती, मग स्वतःच बाजूला ठेवली आणि काळी सपाट सागवानी पट्टी काढली, दोन इंची. आतून फोटोभोवती पांढुरका माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट. आणि त्या माउंटला खाली एक छोटी आडवी खिडकी कापून तिच्यात ती उर्दू ओळ बसवली, वेगळी स्कॅन करून. हे आम्ही सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचार करून केलं, म्हणले, वडिलांनी कापून ठेवताना ही ओळ सोडली नव्हती, मग आपण कशी सोडायची. खाली मराठीत नाव आणि १९३६-२००० एवढंच टाकलं. पाठीमागं हार्डबोर्ड, कडेनं टेप व्यवस्थित, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं, टांगायला दोन कड्या आणि तार. खिळा वाकलेला नाही, कोपऱ्यात फट नाही, मी नखानं तपासलंय चारी कोपरे.

मूळ कात्रण परत देताना नव्या बटर पेपरमध्ये, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून दिलं. मला ह्याचं फार अप्रूप वाटलं, कारण एकदा दुसऱ्या एका ठिकाणी माझ्या आजीचा एकुलता एक फोटो दिला होता, तो चिकटपट्टी लावून परत आला.

पैसे सगळे मिळून २३०० झाले, त्यात स्कॅन आणि रिपेरिंगचे ५००, बाकी प्रिंट, पट्टी, माउंट, काच. स्वस्त नाही. ह्यापेक्षा कमीत फ्रेम मिळते, माहितीय. पण ह्या कामाला मी महाग म्हणणार नाही. काकांनी घासाघीस करू दिली नाही, आणि चाचांनी पण काकांना बघून वरचे शंभर सोडून दिले.

आता तक्रारी, कारण त्या पण खऱ्या आहेत. एक म्हणजे काच. साधी काच लावली तर टिनाच्या शेडखाली दुपारचं ऊन मारतं आणि जर्नेलच्या जागी आपलंच तोंड दिसतं. चमक न मारणारी काच त्यांच्याकडं स्टॉकमध्ये नव्हती, हैदराबादहून मागवावी लागते म्हणले आणि तेवढा वेळ नव्हता. तुम्हाला उजेडाच्या जागी लावायचं असंल तर आधीच सांगून मागवा. दुसरं, वेळ. दसऱ्याच्या आधी दिलेलं काम दसऱ्यानंतर मिळालं. नांदेडचा दसरा म्हणजे काय असतं हे बाहेरच्यांना सांगायची गरज नाही, हल्लाबोलची मिरवणूक, यात्रेकरू, गुरूंच्या तसबिरींची सगळी ऑर्डर त्याच दिवसांत, त्यामुळं मला राग नाही आला, पण आमच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी फ्रेम हातात आली आणि तोपर्यंत जीव टांगणीला होता. आणि फोन उचलत नाहीत. पावती एका चिठ्ठीवर देतात, ती हरवू नका. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, नमाजानंतर उघडतं.

रविवारी फ्रेम ग्राउंडवर नेली. खुर्चीवर ठेवली, हार घातला. खेळणारी पोरं, शाळेतली बारकी, दोन निवृत्त रेल्वेवाले, परभणीहून आलेले एक मास्तर जे रहीम साहेबांबद्दल बोलले, शिक्षक माणूस देशाची टीम कशी बांधतो ह्यावर चांगलं बोलले ते, सगळे त्या खुर्चीभोवती. देगलूर नाक्याचे एक आजोबा म्हणले की त्यांच्या घरी रेडिओ नव्हता, शेजारच्या हॉटेलच्या पायरीवर उभं राहून त्यांनी सोनं जिंकल्याची बातमी ऐकली होती आणि हॉटेलवाल्यानं त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. आजवर हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, दर वर्षी येऊन मागं बसायचे. फोटो बघून बोलले. एक रेल्वेवाले म्हणले, मोहन बागाननं ६३, ६४, ६५ सलग तीनदा ड्युरँड कप नेला, मागं जर्नेल उभा असला की गोलकीपर निवांत असायचा. दुसरे म्हणले, नुसतं खेळण्याचं सांगू नका, खेळणं थांबल्यावर त्यानं पंजाबच्या टीमला कोचिंग दिलं आणि १९७४ च्या संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्याराज्यांच्या स्पर्धेच्या, फायनलला पंजाबनं बंगालला सहा गोल मारले, सहा, आणि समोरून एकही नाही, ते पण सांगा पोरांना. अशी भर पडत गेली. यूट्यूबवर त्याच्या खेळाचं फार काही सापडत नाही, जे आहे ते ह्या लोकांच्या डोक्यात आहे, आणि फोटो समोर असला की ते बाहेर येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आमचा स्टॉपर सतरा वर्षांचाय, अंगानं दांडगा पण हेडला जाताना डोळे मिटतो. तो बराच वेळ फोटोसमोर उभा होता. काकांनी त्याला विचारलं, काय बघायलास? तो म्हणला, "कपाळावरचं बघायलोय." काकांनी त्याला जवळ घेतलं आणि थायलंडच्या मॅचपासून परत सगळं सांगायला सुरुवात केली, आणि मॅच अर्धा तास उशिरा सुरू झाली.

पाचपैकी पाच द्यायचे होते, काच आणि फोन ह्यापायी साडेचार देतो. जाताना मूळ कागद घेऊन जा, व्हॉट्सअपवरचा फोटो नेलात तर चाचा परत पाठवतील, आणि बरोबरच करतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, काय ठेवायचं आणि काय काढायचं हे त्यांच्यासमोर ठरू द्या. दसरा, दिवाळी आणि लग्नसराई सोडून जा.

आणि एक विनंती. पुढच्या ऑक्टोबरला आम्हाला अजून दोन फ्रेम करायच्यात. त्याच १९६२ च्या टीममधले ओ. चंद्रशेखर आणि फॉर्च्युनॅटो फ्रँको, दोघंही २०२१ मध्ये गेले, दोघंही मुंबईत खेळलेले, चंद्रशेखर कॅल्टेक्सकडून आणि फ्रँको टाटांकडून, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या मैदानांवर घाम गाळलेली माणसं. त्यांचं कात्रण, रोव्हर्स कपचं जुनं पुस्तक, स्मरणिका, काहीही कुणाच्या पेटीत, माळ्यावर पडलेलं असंल, उर्दू, मराठी, इंग्रजी कुठलंही, तर सकाळी ग्राउंडवर सिंग काकांना आणून दाखवा. कागद तुमच्याच हातानं चाचांकडं नेऊ, तुमच्यासमोर स्कॅन करू आणि तिथल्या तिथं परत देऊ.